लाखेचे की लाखाचे?

मराठी माणसाला साक्षात परब्रह्म भेटले, तरी तो पहिला प्रश्न काय विचारील हे सांगायला ज्योतिषी नको. तो विचारील, "केवढ्याला पडलं?" शेजाऱ्याच्या अंगावर नवा सदरा दिसो, मेहुण्याच्या दारात नवी गाडी उभी राहो, नाहीतर समोरच्यांच्या तुळशीवृंदावनाला नवी फरशी बसो, आपण आधी किंमत विचारतो आणि मग वस्तूकडे बघतो. किंमत कमी सांगितली, तर "टिकायची नाही हो" म्हणून मान हलवतो. जास्त सांगितली, तर "फसवलं तुम्हाला" म्हणून तीच मान दुसऱ्या दिशेने हलवतो. बरोबर किंमत देऊन वस्तू घेतलेला मनुष्य अजून महाराष्ट्रात जन्माला यायचा आहे.

मी तर वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि पोटापाण्यासाठी बँकेतला कारकून. हल्ली आम्हांला कारकून म्हणत नाहीत, 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. पगार मात्र अजून कारकुनाच्याच भाषेत बोलतो. तात्पर्य, किंमत विचारणे हा इतरांचा छंद असेल, माझा तो धंदा आहे. जमीन, घर, सोने, म्हैस, ट्रॅक्टर, माणसाची पत, यांतल्या कशापुढेही आकडा घालायला आम्ही कचरत नाही. वीस-बावीस वर्षे हे काम केल्यावर एका पेनाने मला 'किंमत म्हणजे काय?' या प्रश्नावर सलग तीन रात्री जागे ठेवले. एरवी तीन रात्री जागा राहण्याचा मान आमच्याकडे फक्त मार्चअखेरीला मिळतो.

आमची शाखा कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. तिथे एक वृद्ध खातेदार आहेत. गोपनीयतेच्या नियमामुळे त्यांचे नाव सांगता येत नाही. आपण त्यांना नाना म्हणू. कोकणात पासष्टीच्या पुढच्या कुणालाही नाना म्हटले तरी चुकत नाही. नाना पुण्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. कारखान्याचा जपानी कंपनीशी व्यवहार असल्यामुळे त्यांच्या जपानला पुष्कळ फेऱ्या झाल्या. निवृत्त होताना तिकडच्या सहकाऱ्यांनी त्यांना एक पेन भेट दिले. नाना गावी परतले, वडिलार्जित आंब्याची कलमे बघू लागले आणि पेन आमच्या बँकेच्या लॉकरमध्ये जाऊन बसले.

लॉकरमध्ये काय ठेवले आहे हे बँकेने विचारायचे नसते. आम्ही आपली किल्ली फिरवायची आणि सासूसारखे कान उघडे ठेवून पण तोंड मिटून बाहेर यायचे. त्यामुळे नाना दर दिवाळीच्या आधी येऊन लॉकरपाशी दहा-पंधरा मिनिटे काय करतात, हे मला ठाऊक नव्हते. त्यांच्या पत्नी गेल्यावर दागिने लेकीसुनांना वाटून झाले होते, एवढे कानावर होते. एका दुपारी मात्र ते लॉकरच्या खोलीतून एक लाकडी पेटी घेऊन सरळ माझ्या टेबलाशी आले.

"मृत्युपत्र करायचं म्हणतोय," नाना म्हणाले. आमच्याकडे मुदतठेव मोडायला आलेला मनुष्यही याहून दुःखी दिसतो. "घर, कलमं, ठेवी, सगळ्याची आकडेमोड झाली. तिन्ही मुलांना सारखं वाटायचं आहे. हे एवढं राहिलंय. तुम्ही कॉमर्सवाले. याच्यापुढे काय आकडा घालू ते सांगा."

पेटी उघडली. आत रेशमी कापडात पेन होते. नक्षी नाही, चित्र नाही, सोन्याचा पट्टा नाही. पिकल्या कोकमासारखा गडद तांबडा रंग आणि कडांपाशी त्या तांबड्याखालून डोकावणारा काळा. हातात घेतले तर धातूसारखे गार लागेना, प्लास्टिकसारखे पोकळही वाटेना. लहान मुलाचा हात हातात यावा तसा काहीसा स्पर्श होता. मी लगेच सावध झालो. बँकेच्या माणसाने तारण हातात घेऊन कविमन होणे धोक्याचे असते.

"लाखेचं आहे?" मी विचारले.

"लाखाचंही आहे," नाना म्हणाले. "पुतण्यानं मोबाइलवर शोधून काढलं. असंच नवं घ्यायचं तर लाखाच्या वर पडतं म्हणतो."

मी ते पेन दोन्ही हातांनी पेटीत ठेवले. एका हाताने ठेवण्याचा माझा हुद्दा नव्हता.

तर मूल्यांकन. पहिली पद्धत आमच्या घरचीच, म्हणजे बँकेची. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या सूचनांप्रमाणे आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यामुळे लॉकरमधला ऐवज गेला, तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपट एवढी मर्यादित असते. त्या लॉकरात कोहिनूर ठेवा नाहीतर नारळ ठेवा, गुणाकार तोच. म्हणजे बँकेच्या दृष्टीने त्या पेनाची किंमत पेनावर नसून पेटाऱ्यावर ठरते. लग्नाच्या बाजारात मुलाची किंमत त्याच्या फ्लॅटवरून ठरते, तशातलाच प्रकार. नानांना ही पद्धत पसंत पडली नाही.

दुसरी पद्धत सोन्याची. निब चौदा कॅरटची होती. चौदा कॅरट म्हणजे चोवीस भागांत चौदा भाग सोने, बाकी दहा भाग इतर धातू. आमच्याकडे सोनेतारणाचे दागिने पारखायला एक सराफ येतात. त्यांना निब दाखवली. त्यांनी भिंग लावले, निबेकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "साहेब, ग्रॅमभरसुद्धा भरायची नाही. आणि हा दागिना नाही, नाणंही नाही. कर्ज कशावर देणार?" एवढे बोलून त्यांनी पुढच्या बाईंच्या पाटल्या घासायला घेतल्या. सोन्याच्या हिशेबाने त्या पेनाचा लाखातला बराचसा लाख हवेत विरून गेला. पेटीत राहिली ती नुसती लाख.

आणि ती तरी लाख होती का? लाखेशी माझा जुना परिचय आहे. बँकेच्या तिजोरीच्या जोडकिल्ल्या सीलबंद पाकिटात घालून दुसरीकडे ठेवायला देतात. त्या पाकिटावर लाख वितळवून मोहोर मारताना माझी बोटे कितीदा तरी पोळली आहेत. ही लाख किड्याची. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर तो बारीक किडा घर करतो आणि आपण ते खरवडून घेतो. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि गंजिफा यांच्यावरची चकाकी तिचीच. कौरवांनी पांडवांसाठी बांधलेले लाक्षागृहही तिचेच. आरामशीर निवासाची ती आपल्याकडची पहिली जाहिरात, आणि घराचा ताबा घेण्यापूर्वी बांधकामाचे साहित्य तपासावे हा धडाही पहिलाच. इंग्रजीतला 'लॅकर' हा शब्दसुद्धा आपल्या लाखेवरूनच पोर्तुगीजांच्या तोंडून तिकडे गेला.

"ही ती लाख नव्हे," नाना म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा खुलला. "याला उरुशी म्हणतात. झाडाचा चीक आहे हा. आणि झाड कोणाच्या कुळातलं माहीत आहे? आपल्या आंब्याच्या! काजू, बिब्बा, सगळे भाऊबंद."

आंबा उतरवताना देठाचा चीक ओठाला लागून तोंड सुजले नाही, असे पोर कोकणात सापडायचे नाही. उरुशीचा चीक त्याहून भारी. तो अंगाला लागला तर बिब्बा उततो तसा उततो. जे कारागीर हे काम शिकतात त्यांची सुरुवातीची दीक्षा अंग खाजवण्यापासून होते म्हणे. झाड दहा-पंधरा वर्षांचे झाले की त्याच्या सालीला आडवे चरे पाडतात आणि पाझरलेला चीक थेंब थेंब खरवडून घेतात. एका हंगामात एका झाडाचा मिळतो तो जेमतेम पेलाभर, साधारण दोनशे ग्रॅम. त्यानंतर झाड तोडून टाकतात. बुंध्याला नवे धुमारे फुटतात आणि पुन्हा दहा-पंधरा वर्षे वाट पाहायची.

आम्हां कोकणातल्या माणसांना नवल वाटेल अशी गोष्ट पुढेच आहे. हा चीक उन्हात वाळत नाही. त्याला वाळायला ऊब आणि दमट हवा लागते. थर दिलेले पेन ओलसर कपाटात ठेवावे लागते, तेव्हा कुठे तो घट्ट होतो. आषाढात आमचे बनियन पाच-पाच दिवस दोरीवर ओले राहतात आणि त्या हवेत वाळणारा एक पदार्थ जगात आहे, हे ऐकून मला त्या झाडाबद्दल आपलेपणा वाटू लागला. माणसाच्या केसांच्या कुंचल्याने एक थर द्यायचा, दमट कपाटात ठेवायचा, वाळला की बारीक कोळशाने घासायचा, मग दुसरा थर, मग तिसरा. असे करीत एक पेन पुरे व्हायला महिने लागतात. त्यावर ओला थर असतानाच सोन्याची पूड शिंपडून चित्र काढले तर त्याला माकि-ए म्हणतात. 'शिंपडलेले चित्र' असा त्याचा अर्थ. आपल्या आया-बहिणी रोज सकाळी दारात तेच करतात. फक्त त्यांची पूड स्वस्त आणि चित्र संध्याकाळपर्यंतचे.

आणखी एक गोष्ट मनात आली. पूर्वी धोबी आपल्या कपड्यांवर बिब्ब्याने खुणा करीत. कितीही धुवा, ती खूण जात नसे. म्हणजे आमच्या वडिलांच्या सदऱ्याच्या कॉलरमागची ती काळी फुली आणि नानांचे हे लाखाचे पेन सगोत्र ठरले! एकाच घराण्यातला एक जण धोब्याकडे कामाला लागला आणि एक जपानात जाऊन रेशमी कापडात झोपला. अशी उदाहरणे प्रत्येक घरात असतात.

तर ही झाली तिसरी पद्धत, श्रमाची. झाडाची पंधरा वर्षे, चीक काढणाऱ्याचा हंगाम, रंगणाऱ्याचे महिने, आणि त्या आधी त्याने काम शिकण्यात घालवलेली उमर. या हिशेबाने लाख रुपये कमीच वाटू लागतात. पण थांबा. श्रम पुष्कळ झाले म्हणून किंमत पुष्कळ, असे म्हणावे तर आमचा शिपाई रोज शंभर फायली तळमजल्यावरून माडीवर आणि माडीवरून तळमजल्यावर करतो. त्याच्या श्रमाला कुणी रेशमी कापडात गुंडाळलेले नाही.

चौथी पद्धत उपयोगाची. पेन कशासाठी? लिहिण्यासाठी. आमच्या काउंटरवर सुतळीने बांधलेले एक बॉलपेन आहे. त्याची किंमत पाच रुपये. सुतळी बँकेने दिली नव्हती. ती मी घरून आणली. त्या पेनाने लोकांनी घरे विकत घेतली आहेत, मुलींच्या लग्नांना पैसे काढले आहेत, जामीन राहून आयुष्यभराचा पस्तावा विकत घेतला आहे. लाखाच्या पेनाने सही केली म्हणून चेकवरची रक्कम वाढत नाही आणि खात्यात पैसे नसले तर तो चेक दोन्ही पेनांनी सारखाच परत येतो. त्यातून गंमत अशी, की फाउंटन पेनात कागदाला टेकते ते सोने नसतेच. सोने मऊ; ते घासून जाईल. म्हणून निबेच्या टोकाला इरिडियम, ऑस्मियम, रुथेनियम असल्या कठीण धातूंच्या मिश्रणाचा खसखशीएवढा कण जोडलेला असतो. सारे लिहिणे तो कण करतो. सोने वर बसून देखरेख करते आणि लाख आणखी वर बसून शोभा देते. आमच्या मुख्य कचेरीची रचना याहून वेगळी नाही.

कॉलेजात आम्हांला अॅडम स्मिथ होता. १७७६ च्या त्याच्या ग्रंथात एक कोडे आहे. पाण्यावाचून प्राण जातो, तरी पाणी स्वस्त. हिऱ्यावाचून कुणाचे अडत नाही, तरी हिरा महाग. उपयोगाचे मोल वेगळे आणि बाजारातले मोल वेगळे, असा त्याचा अर्थ आम्ही पाच मार्कांपुरता पाठ केला होता. पुढे १८९९ साली व्हेब्लेन नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने याहून खवट उदाहरण दिले. एक हाताने घडवलेला चांदीचा चमचा आणि एक यंत्राने काढलेला अॅल्युमिनियमचा. तोंडात घास दोन्हींनी तेवढाच जातो, पण पहिल्याची किंमत दुसऱ्याच्या शंभरपट. लोक म्हणतात, त्याची कारागिरी बघा! व्हेब्लेन म्हणतो, ठीक आहे, आता समजा कळले की तो हाताने घडवलेला नसून हुबेहूब नक्कल आहे. चमचा तोच, चकाकी तीच, तरी तुमचा आनंद नव्वद टक्क्यांनी का घसरला? तेव्हा तुम्हांला आवडत होता तो चमचा, की त्याची पावती?

हा प्रश्न वाचून अनेक श्रीमंतांचा घास घशात अडकला असेल. मग तो चांदीच्या चमच्यावरचा असो वा दुसऱ्या.

पण पावतीचाच हिशेब खरा मानला, तर दुसऱ्या टोकाला काय सापडते पाहा. काकासाहेब कालेलकरांनी गांधीजींची एक आठवण सांगितली आहे. गांधीजी पेन्सिलीचा एक बोटभर तुकडा शोधत होते. काकासाहेब स्वतःची पेन्सिल देऊ लागले, तर ती नको, तोच तुकडा हवा. कारण तो मद्रासच्या नटेसन यांच्या लहान मुलाने प्रेमाने दिला होता. त्या तुकड्याला पावती नव्हती, सोने नव्हते, लाख नव्हती. आणि त्याच गांधीजींच्या नावाने २००९ साली माँब्लाँ कंपनीने एक पेन काढले. दांडीयात्रेच्या मैलांइतकी म्हणजे २४१ पेने, सोन्याच्या निबेवर काठी घेतलेले गांधीजी आणि किंमत अकरा लाखांच्या वर! प्रकरण केरळच्या उच्च न्यायालयात गेले आणि विक्री थांबली. बोटभर पेन्सिल शोधणाऱ्या माणसाला अकरा लाखांच्या पेनात बसवायचे, म्हणजे उपाशी माणसाचा फोटो उपाहारगृहात लावण्यासारखे झाले.

इथवर आलो आणि दुसऱ्या रात्री मला वाटू लागले, की लाखाचे पेन बाळगणे हेच मुळी पाप असावे. नानांना तसे सांगणे मात्र अवघड होते. त्यांनी ते विकत घेतलेले नव्हते, मिळालेले होते. चाळीस वर्षे यंत्रांशी झगडलेल्या माणसाला सात समुद्रांपलीकडच्या माणसांनी, आपल्याकडे जे सर्वांत चांगले आहे ते दिले. त्यात पाप कुठे शोधायचे? आणि त्या कारागिराने तरी काय करावे? लोकांनी पाच रुपयांचेच पेन वापरायचे ठरवले, तर त्याची विद्या त्याच्याबरोबर जाईल. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफांचे हेच होत आले होते. तिथल्या राजघराण्याने आश्रय दिला म्हणून ती कला तगली. महाग वस्तू कुणीतरी घेतो म्हणून काही हात शहाणे राहतात, हेही खोटे नाही.

हे सगळे मी घरी बोलून दाखवले. आमची ही भाजी निवडत होती. तिने जुडीतली कोथिंबीर वेगळी केली आणि विचारले, "बारा वर्षांत नानांनी त्या पेनानं लिहिलं काय?"

"काहीच नाही. शाईसुद्धा भरलेली नाही. एकदा शाई भरली की शौकिनांच्या बाजारात भाव उतरतो म्हणे."

"मग किंमत कसली काढताय? त्या पेनानं लिहिण्याजोगं त्यांच्याकडे आहे काय, ते विचारा आधी."

आमच्या घरात अॅडम स्मिथ एकच आहे, आणि तो मी नव्हे.

तिसऱ्या रात्री मला माझ्याच विषयातला एक शब्द नव्याने कळला. घसारा. हिशेबात आम्ही यंत्रावर, फर्निचरवर, मोटारीवर दरवर्षी घसारा लावतो. वस्तू वापरली की झिजते, झिजली की तिची किंमत उतरते. जेवढी उतरली तेवढी वहीतून वजा करायची. बी. कॉम.ला हे सूत्र मी इतक्या वेळा लिहिले, की वापर म्हणजे नुकसान हे माझ्या हाडात मुरले. आणि एकट्या माझ्याच नव्हे. आपल्या घराघरांत हेच चालते. चांगला काचेचा सेट पाहुण्यांसाठी कपाटात. पैठणी लग्नांसाठी पेटीत. सोफ्यावर चादर, चादरीवर प्लास्टिक. रिमोटलाही प्लास्टिकचा अंगरखा. वस्तू झिजू नये म्हणून आपण आयुष्यभर जपतो आणि शेवटी वस्तू कोऱ्या राहतात, झिजतो तो मालक. मालकावरचा घसारा कुठल्याच वहीत दाखवत नाहीत.

उरुशीची गोष्ट नेमकी उलटी आहे. १९१८ साली जपानात र्‍योसुके नामिकी आणि मासाओ वादा या दोघांनी पेनांचा कारखाना काढला. आज तो पायलट म्हणून प्रसिद्ध आहे. त्या काळी पेने एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कठीण केलेल्या रबराची असत. वापरता वापरता त्यांचा काळा रंग विटून तपकिरी होई. रंग टिकावा म्हणून १९२० च्या दशकात त्यांनी पेनावर उरुशीचा थर द्यायला घेतला. चित्रे, सोन्याची पूड, १९३० साली लंडनच्या डनहिलशी झालेला करार, श्रीमंतांची हौस, हे सगळे त्या वाटेने पुढे वाढत गेले. मुळात लाख दिली ती पेन खिशात, हातात, घामात टिकावे म्हणून. ती शोभेची शाल नव्हती. कामावर जाणाऱ्या माणसाची घोंगडी होती.

शिवाय नानांच्या पेनाच्या कडांना तांबड्याखालून जो काळा डोकावत होता, त्याचेही मूळ वापरात आहे. जपानातल्या नेगोरो नावाच्या एका मठातली भांडी काळ्या थरावर तांबडा थर देऊन रंगवलेली असत. रोजच्या हाताळण्याने तांबडा झिजला आणि खालचा काळा दिसू लागला. लोकांना ती झीजच सुंदर वाटली, इतकी की पुढे कारागीर मुद्दाम तशी घडवू लागले. शिवाय वर्षे जातात तशी उरुशी अधिक पारदर्शक होते आणि तिचा रंग उजळतो. म्हणजे घसाऱ्याने किंमत वाढणारी वस्तू! हे माझ्या हिशेबाच्या प्राध्यापकांना कळले असते, तर त्यांनी त्या पेनाला नापास केले असते.

दुसऱ्या दिवशी नाना आले. मी त्यांच्यापुढे कागद ठेवला. लॉकरच्या हिशेबाने एवढे, सोन्याच्या हिशेबाने एवढे, बाजाराच्या हिशेबाने कोऱ्याचे एवढे आणि वापरलेल्याचे एवढे. मग म्हणालो, "नाना, तीन मुलांत वाटायचं तर एक उपाय आहे. टोपण थोरल्याला, नळी धाकट्याला आणि निब मुलीला."

नाना हसले नाहीत. "थोरला काही घ्यायचा नाही," ते म्हणाले. "ऑस्ट्रेलियात असतो. मागल्या जागेच्या व्यवहारावरून बोललो मी त्याला, सहा वर्षं झाली. फोन येतो. कसे आहात, बरा आहे. संपलं."

माझ्याकडे खातेदारांची पुष्कळ दुःखे येतात. व्याजाचा दर, नॉमिनीचा फॉर्म, हयातीचा दाखला, यांतून त्यांना वाट काढून देता येते. या दुःखाला आमच्याकडे फॉर्म नव्हता. मी आपला हिच्या प्रश्नाला आदरार्थी रूप देऊन विचारले, "नाना, या पेनानं लिहिण्याजोगं तुमच्याकडे काही असेलच की."

नानांनी माझ्याकडे पाहिले. उद्धट म्हणून मॅनेजरकडे तक्रार करतात की काय, असे मला वाटले. ते काही न बोलता उठले. पेटी त्यांनी लॉकरमध्ये नेली नाही, पिशवीत घातली. जाताना कागद मात्र घडी घालून माझ्याच टेबलावर ठेवून गेले.

लाखाचे पेन घ्यावे की घेऊ नये, हा ज्याच्या त्याच्या खिशाचा आणि ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे. मला कुणी फुकट दिले तर मी घेईन. तत्त्वासाठी उगाच कुणाचे मन कशाला मोडा? पण त्या रात्री मला झोप लागली, ती एवढे ठरवून लागली. ज्या झाडाचा सगळा चीक पेलाभरच असतो, त्याचे देणे किमतीने फिटत नाही. महिनोन् महिने घासणाऱ्या माणसाचेही फिटत नाही. त्यांनी ते पेन कुणीतरी काहीतरी लिहावे म्हणून केले. त्याला कोरे ठेवून भाव राखणे म्हणजे नव्या नवरीला माहेरच्या पावतीसकट माळ्यावर ठेवण्यासारखे आहे. पाच रुपयांच्या पेनालाही हाच न्याय. सुतळीच्या टोकाला असले तरी ते बिचारे दिवसभर राबते. बँकेतल्या कित्येक वस्तूंबद्दल, आणि काही माणसांबद्दलही, एवढे म्हणता येणार नाही.

पंधरा दिवसांनी नाना पेन्शन काढायला आले. पासबुक पुढे सरकवत म्हणाले, "काय हो, ऑस्ट्रेलियाला पत्राला तिकीट किती लागतं?" मी म्हटले, समोरच पोस्ट आहे, तिथे वजन करून सांगतील. पाकीट जाडजूड होते. लिहिणारा माणूस एका कागदात आटपला नव्हता.

स्लिपवर सही करायला त्यांनी काउंटरवरच्या सुतळीला हात लावला नाही. खिशातून ते तांबडे पेन काढले, टोपण फिरवून उघडले, सावकाश सही केली आणि शाई वाळेपर्यंत स्लिप हातात धरून उभे राहिले. मागे रांग खोळंबली होती, पण मी काही बोललो नाही. नानांच्या मधल्या बोटाला निळी शाई लागली होती आणि टोपणावर, क्लिपच्या बाजूला, एक केसाएवढा चरा पडला होता.

घसारा सुरू झाला होता. तो दरसाल किती टक्के धरायचा, हे त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.